तुम्ही विचारलंत म्हणून: रेडिओ कोणता घेऊ?

रविवारी सकाळी माळावर रिमोटवरचं छोटं विमान उतरवून बॅटरी काढत असतो, तेवढ्यात बांधावर उभे असलेले एखादे गृहस्थ मुलाला घेऊन जवळ येतात. कधी इंजिनिअरिंगची पोरं येतात, कॉलेजच्या स्पर्धेसाठी विमान बांधणारी. विमान हातात घेतात, उलटंपालटं करून बघतात आणि मग विचारतात, "रिमोट कुठला घेऊ? दहा चॅनेलचा घ्यावा का? रेंज किती याची?" उभ्या उभ्या दर वेळी अर्धंच सांगून होतं, म्हणून आज नीट लिहितो.

तुम्ही ज्याला रिमोट म्हणता त्याला आम्ही माळावर रेडिओ म्हणतो. विमानात बसतो तो रिसीव्हर, आणि शेपूट नि पंखांच्या पट्ट्या हलवतात ते सर्वो. विमानं येतात, पडतात, तुटतात. रेडिओ मात्र वर्षानुवर्षं हातात राहतो. तेव्हा हा प्रश्न तुम्ही विमान घ्यायच्या आधी विचारता हे योग्यच आहे.

रेंजचं म्हणाल तर मीटरभर पंखांचं विमान चारशे-पाचशे मीटरवर गेलं की ते आपल्याकडे येतंय की लांब चाललंय हेच डोळ्याला कळेनासं होतं. तेवढ्या अंतरावर आजचा कुठलाही धड रेडिओ पोचतो. शिवाय २०२१च्या ड्रोन नियमांत हौशी मॉडेल नजरेच्या टप्प्यातच उडवायचं आहे. म्हणून दुकानदाराला रेंज विचारू नका. सिग्नल तुटला तर विमान काय करेल, ते विचारा.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. चार वर्षांपूर्वी एक कॉलेजचा मुलगा स्वतः बांधलेलं विमान घेऊन आला होता. बांधणी सुरेख होती. रेडिओ मात्र जुना, तीन-चार हातांतून फिरलेला. विमान वर गेलं, दोन फेऱ्या छान झाल्या आणि त्याच्या हातातला पडदा काळा पडला. मागच्या कप्प्यात पेन्सिल सेलची एक स्प्रिंग सैल झाली होती. त्याने हाताने थोपटलं, रेडिओ परत लागला, पण लागताना पडद्यावर सूचना आली: थ्रॉटल (मोटरच्या जोराची स्टिक, म्हणजे दांडी) खाली घ्या, सगळे स्विच वर करा. ते केल्याशिवाय तो सिग्नल सोडेना, आणि घाबरलेल्या पोराला स्विच सापडेनात. अर्धा मिनिट गेला असेल. तेवढा वेळ रिसीव्हरने शेवटची आज्ञा धरून ठेवली होती. मोटर दोन-तृतीयांश जोरावर आणि विमान डावीकडे जरासं कललेलं. गोल गोल घिरट्या घेत, वाऱ्याबरोबर सरकत ते रस्त्याकडे निघालं. रस्त्यावर शाळेतून परतणारी मुलं सायकलवर होती.

कोणाला लागलं नाही. विमान रस्ता ओलांडून पलीकडच्या उसात गेलं. बारा कांडी झालेल्या उसात वीस फुटांवरचं दिसत नाही. तो बांधावर उभा राहून स्टिक डावी-उजवी हलवत होता आणि मी आत शिरून कान लावत होतो. पाऊण तासाने डाव्या हाताला बारीक किर्र किर्र ऐकू आलं. तो एलेरॉनचा, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखावरच्या पट्टीचा, सर्वो. प्रोपेलर तुटलेला होता, मोटरच्या वेटोळ्याला जळका वास येत होता आणि उसाच्या पात्यांनी माझे दोन्ही हात कोपरापर्यंत चिरले होते. उडवायच्या आधी मी त्याला फेलसेफबद्दल विचारलं नव्हतं. तेव्हापासून माळावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिलं तेच विचारतो.

फेलसेफ म्हणजे संपर्क तुटताच रिसीव्हरने काय करायचं हे आधी ठरवून ठेवणं. विजेवरच्या विमानात निदान मोटर बंद झालीच पाहिजे. काही सेटमध्ये हे मेनूत ठरवायचं असतं, काहींत रिसीव्हर बाइंड करताना, म्हणजे रेडिओशी जोडताना, थ्रॉटल खाली ठेवला की तीच जागा लक्षात राहते, आणि काही रिसीव्हर तुम्ही सांगितलं नाही तर शेवटची आज्ञाच चालू ठेवतात. तपासायची रीत सोपी आहे. प्रोपेलर काढा. विमान कोणाला तरी घट्ट धरायला सांगा. थ्रॉटल अर्ध्यावर नेऊन मोटर फिरू द्या आणि रेडिओचं बटण बंद करा. एक-दोन सेकंदांत मोटर थांबली तर ठीक. ज्या सेटमध्ये हे होत नाही, तो स्वस्त असो वा महाग, घेऊ नका.

दुसरी गोष्ट मोडची, म्हणजे कुठल्या हाताच्या स्टिकने काय हलतं त्याची. मोड २ मध्ये डाव्या हाताला थ्रॉटल आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा), उजव्या हाताला एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा) आणि एलेरॉन. मोड १ मध्ये थ्रॉटल उजवीकडे आणि एलिव्हेटर डावीकडे जातो. जपानमध्ये मोड १ रुळलेला आहे, आपल्याकडे बहुतेक जण मोड २ वर. दोन्हींत चांगलं-वाईट काही नाही. पण बोटांना एकदा सवय लागली की ती मोडणं फार जड जातं. म्हणून आधी तुमच्या गावाजवळच्या माळावर जा, तुम्हाला शिकवणारा कोण आहे ते बघा आणि त्याचा मोड घ्या. जमलं तर त्याच्याच पद्धतीचा रेडिओ घ्या, म्हणजे ट्रेनर केबलने दोन्ही सेट जोडता येतात. गुरू स्प्रिंगचा स्विच दाबून धरतो तोवर विमान शिष्याच्या हातात, सोडला की त्याच क्षणी परत गुरूच्या. पहिल्या दहा उड्डाणांत त्या स्विचने जितकी विमानं वाचतात तितकी कशानेच वाचत नाहीत.

चॅनेलचा हिशेब अगदी छोटा आहे. एक चॅनेल म्हणजे रेडिओवरून वेगळी हलवता येणारी एक गोष्ट. साध्या विमानाला चार लागतात, फ्लॅप किंवा चाकं आत घ्यायची असली की पाचवा-सहावा. सहा पुष्कळ झाले. त्यापेक्षा आत एक्स्पो (मध्याजवळ स्टिकचा परिणाम मऊ करणं), ड्युएल रेट (स्विचने पट्ट्यांची हालचाल कमी-जास्त करणं), उडत्या पंखासाठी, म्हणजे शेपूट नसलेल्या विमानासाठी, एलेव्हॉन मिक्सिंग (त्याच पट्ट्यांनी एलेरॉन आणि एलिव्हेटर दोन्हींचं काम) आणि निदान दहा मॉडेलांची मेमरी आहे का ते बघा.

आता नावं. बजेट थोडं असेल तर फ्लायस्कायचा एफएस-आय६ आजही नव्या माणसाला पुरतो. रिसीव्हर स्वस्त आणि चटकन मिळणारे, अडलं तर सांगणारे माळावर चार जण. पुढे जायचं असेल तर रेडिओमास्टर. त्याच्या बहुतेक सेटच्या गिंबलमध्ये, म्हणजे स्टिकच्या सांध्यात, चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर आहेत. म्हणजे घासणारा भाग नाही, झिजून स्टिक थरथरत नाही. आणि एजटीएक्स हे खुलं सॉफ्टवेअर शिकायला आठवडा लागला तरी नंतर हवं ते करून देतं. फुटाबा आणि स्पेक्ट्रम उत्तम आहेत, मी स्वतः फुटाबावर शिकलो. पण त्यांचा प्रत्येक रिसीव्हर महाग पडतो, आणि तुमच्याकडे लवकरच पाच विमानं होणार आहेत. ती पाचांची बेरीज आत्ताच करून बघा.

एक्स्प्रेसएलआरएसबद्दल, म्हणजे रेडिओ आणि रिसीव्हर जोडणाऱ्या एका खुल्या पद्धतीबद्दल, पोरं हल्ली हमखास विचारतात. पद्धत छान आहे, पण घेताना २.४ गिगाहर्ट्झचीच घ्या. हा पट्टा भारतात २००५ पासून परवानामुक्त आहे. परदेशी संकेतस्थळांवर ९१५ मेगाहर्ट्झचे संच स्वस्तात दिसतात. ते अमेरिकेच्या पट्ट्यासाठी आहेत. आपल्याकडे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झवर मोबाइल फोन चालतात. तिथे आपण शिरायचं नाही.

आणि कोणी काकांचा जुना ७२ मेगाहर्ट्झचा सेट फुकट देऊ केला तर आदराने कपाटात ठेवा, उडवू नका. मी शिकलो तेव्हा तेच होते. लांबलचक अँटेना ओढायची, आत वारंवारता ठरवणारा क्रिस्टल बसवायचा. माळावर एक फळी असायची आणि तिला कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले, प्रत्येकावर वारंवारतेच्या चॅनेलचा नंबर. चिमटा तुमच्या अँटेनाला लावल्याशिवाय रेडिओ चालू करायचा नाही, कारण त्याच चॅनेलवर दुसऱ्याने बटण दाबलं की वरचं विमान खाली. आजचे सेट सतत वारंवारता बदलत राहतात आणि रिसीव्हर फक्त स्वतःच्या रेडिओचं ऐकतो, त्यामुळे दहा जण एकाच वेळी उडवतात.

पैसे देण्यापूर्वी रेडिओ हातात मात्र घ्या. मुलासाठी घेत असाल तर त्याला घेऊ द्या. अंगठा स्टिकच्या टोकापर्यंत सहज पोचतो का, चिमटीत धरायची सवय लागणार असेल तर टोकाची उंची वाढवता येते का, स्टिक सोडल्यावर मधोमध येऊन शांत थांबते का, हे दोन मिनिटांत कळतं.

सेट घेतलात की पहिलं उड्डाण एकट्याने करू नका. रविवारी साडेसहाला, वारा सुटायच्या आत, माळावर या. प्रोपेलर घरीच काढून पिशवीत ठेवा. आधी विमान मी धरतो आणि तुम्ही रेडिओ बंद करा.