तत्त्वज्ञानाचा तास मोजताना : नागपूरच्या शाळांतला माझा अनुभव

तत्त्वज्ञानाच्या तासात मुलं एखाद्या प्रश्नावर कारणं देत एकमेकांशी चर्चा करतात. या तासाच्या मूल्यमापनाचं नाव काढलं की नागपुरातले मुख्याध्यापक पहिल्यांदा विचारतात, "गणिताचे मार्क वाढतील का?" ही आशा हवेतून आलेली नाही. इंग्लंडमधल्या 48 शाळांतल्या प्रयोगाच्या 2015 च्या अहवालात तत्त्वज्ञानाच्या तासांमुळे वाचन-गणितात सुमारे दोन महिन्यांची जादा प्रगती नोंदली होती. पण तास मिळालेला गट मुळातच मागे होता, आणि मागची मुलं थोडी वर सरकतातच. पुढे सुमारे 200 शाळांत तोच प्रयोग झाला. 2021 च्या अहवालात वाचनावर परिणामाचा पुरावा मिळाला नाही. म्हणून मी मार्क बाजूला ठेवते आणि मुलांचं बोलणं मोजते.

सहावीच्या दोन तुकड्या घ्यायच्या, तास कोणाला हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. 'हुशार' मुलांची तुकडी वेगळी काढलेली असेल तर ती शाळा सोडावी. एकाच शाळेवर थांबूही नये, तिथे शिक्षकाचा गुण आणि पद्धतीचा गुण वेगळा काढता येत नाही.

विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, तेव्हा पहिलं ध्वनिमुद्रण जुलैत, दुसरं स्नेहसंमेलनाची धामधूम संपल्यावर. पहिलं लांबलं तरी पोळ्याचा आठवडा टाळा, हजेरी निम्मी असते. दोन्ही तुकड्यांना एकच प्रश्न: मारबत (पोळ्यानंतर नागपुरात मिरवून जाळतात तो पुतळा) जाळली की इडा-पीडा खरंच जाते का? वीस मिनिटं चर्चा, तीही दोन्हीकडे नवख्या असलेल्या एकाच शिक्षकाकडून. मोबाइल दोन, पंख्यापासून लांब. एकच ठेवला तर मागच्या बाकांचं काही कळत नाही.

मग प्रत्येक वाक्याची नोंद: नुसतं मत, कारणासह मत, दुसऱ्याच्या म्हणण्याला उत्तर, उलट उदाहरण. खरी गोम इथे आहे. काही महिन्यांत मुलं 'कारण' हा शब्द उचलतात. "कारण मले तसं वाटते" हे कारण नव्हे. ते नुसत्या मतातच धरायचं. नोंद करणाऱ्या दोघांना तुकडी कोणती, मुद्रण आधीचं की नंतरचं, हे कळू द्यायचं नाही. पाचवा हिस्सा दोघांनीही स्वतंत्रपणे तपासायचा. फार मतभेद निघाले तर व्याख्या पुन्हा लिहायच्या आणि सगळं नव्यानं नोंदवायचं. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही.

रोजच्या तासांतही अधूनमधून जाऊन शिक्षक किती मिनिटं बोलतात ते घड्याळ लावून पाहावं. निम्म्याहून जास्त वेळ त्यांचाच आवाज असेल, तर तिथे तत्त्वज्ञानाच्या नावाखाली मूल्यशिक्षण चाललंय. त्या तुकडीचे आकडे टाकून देऊ नयेत, पण वेगळे दाखवावेत.