हेलियमच्या गणितातले दीड इलेक्ट्रॉन-व्होल्ट

हायड्रोजनच्या अणूतील एकुलता इलेक्ट्रॉन काढून टाकण्यास 13.6 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते आणि नील्स बोर यांच्या 1913 मधील सूत्राने हा आकडा चार ओळींत निघतो. त्याला अणुअंकाच्या वर्गाने गुणले की एकच इलेक्ट्रॉन उरलेल्या हेलियमसाठी 54.4 आणि लिथियमसाठी 122.4 मिळतात, आणि प्रयोगातले आकडेही तेच सांगतात. अडचण दुसऱ्या इलेक्ट्रॉनपासून सुरू होते. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षानंतर सुट्टीत यावलला घरी आलो, तेव्हा हेलियमची पहिली आयनीकरण ऊर्जा, म्हणजे दोनपैकी पहिला इलेक्ट्रॉन काढण्यास लागणारी ऊर्जा, जी प्रयोगात 24.6 भरते, ती तयार सॉफ्टवेअरविना स्वतः काढायची असे मी ठरवले.

ही ऊर्जा थेट हाती येत नाही. दोन्ही इलेक्ट्रॉन काढण्यास लागणारी एकूण ऊर्जा आधी काढायची आणि तिच्यातून 54.4 वजा करायचे, कारण पहिला इलेक्ट्रॉन निघून गेला की मागे राहिलेल्याची ऊर्जाही बदलते. इलेक्ट्रॉनांचे परस्पर प्रतिकर्षण मुळीच धरले नाही तर एकूण 108.8 येतात, प्रत्यक्षात ते 79.0 आहेत. म्हणून प्रतिकर्षणाची सरासरी काढणे भाग होते. त्याचे समाकलन पुस्तकात दोन ओळींत उरकलेले असते, पण एका इलेक्ट्रॉनचा प्रभार गोल कवचांत पसरलेला आहे असे मानून, कवचाच्या आतले आणि बाहेरचे विभव वेगवेगळे धरून ते सोडवायला मला बराच वेळ लागला. आमच्याकडे शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच मिळत असल्यामुळे केळीच्या बागेला पाणी सोडण्याची जागरणे ठरलेलीच असतात आणि यातले बरेचसे काम मी त्या जागरणांतच केले. सरासरी प्रतिकर्षण 34.0 आले, म्हणजे एकूण ऊर्जा 74.8.

मग पुढची पायरी. प्रत्येक इलेक्ट्रॉन दुसऱ्यासाठी अणुकेंद्रकाला थोडे झाकतो, म्हणून तरंगफलनात (इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, हे ज्यातून कळते त्या सूत्रात) केंद्रकाचा प्रभार 2 न ठेवता तो मोकळा सोडायचा आणि ऊर्जा किमान होईल असे त्याचे मूल्य शोधायचे. ते 27/16 निघते, म्हणजे खऱ्या प्रभारापेक्षा 5/16 ने कमी. एवढ्या गुंत्यातून इतका सुटसुटीत अपूर्णांक बाहेर पडतो, याचे मला अजूनही कौतुक वाटते. एकूण ऊर्जा 77.5 झाली, 79.0 च्या तुलनेत चूक दोन टक्क्यांहूनही कमी.

फैजपूरच्या माझ्या जुन्या सरांना वही दाखवली. ते म्हणाले, “भाऊ, एकूण आकड्यावर खूश होऊ नको, वजाबाकी करून पाहा.” वजाबाकी केली तर 23.1 उरले. म्हणजे ज्या आकड्यासाठी सारा खटाटोप केला होता, त्यात सहा टक्क्यांची चूक होती, कारण एकूण ऊर्जेतली दीड इलेक्ट्रॉन-व्होल्टची तूट जशीच्या तशी लहान आकड्यावर येऊन पडली होती.

हीच कृती मग मी दोन इलेक्ट्रॉन उरलेल्या लिथियमसाठी केली. उत्तर 74.1 आले, खरा आकडा 75.6. बेरिलियमसाठी 152.3 आले, खरा आकडा 153.9. तूट प्रत्येक ठिकाणी दीडच्या आसपासच राहते, हे माझ्या मते या सगळ्या गणितातले सर्वांत लक्षणीय निरीक्षण आहे. सरासरी झाकणीचे गृहीतक एक गोष्ट नेहमी वगळते: एक इलेक्ट्रॉन अणुकेंद्रकाच्या एका बाजूला असेल तेव्हा दुसरा शक्यतो त्याला टाळतो. हे टाळणे धरल्याने होणारा फायदा अणुअंक वाढला तरी फारसा बदलत नाही. बेरिलियमच्या वेळी ही तूट एका टक्क्याएवढी असते, म्हणून तिकडे दुर्लक्ष करता येते.

उलट दिशेने गेलो तेव्हा मात्र ते जमेना. हायड्राइड आयनात एका प्रोटॉनभोवती दोन इलेक्ट्रॉन असतात. तिथे प्रभार 11/16 येतो आणि एकूण ऊर्जा 12.9, म्हणजे एकट्या हायड्रोजनच्या 13.6 पेक्षाही कमी. या हिशेबाप्रमाणे असा आयन टिकायलाच नको. तो टिकतो, त्याचा जास्तीचा इलेक्ट्रॉन काढण्यास 0.75 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, आणि सूर्याच्या पृष्ठभागाजवळ दृश्य प्रकाश शोषणारा मुख्य घटकही तोच आहे. तूट पुन्हा दीडचीच, फक्त इथे आयन आहे की नाही हेच तिच्यावर ठरते.

नॉर्वेचे भौतिकशास्त्रज्ञ एगिल हिलेरास यांनी 1929 मध्ये दोन इलेक्ट्रॉनांमधले अंतरच तरंगफलनात घालून हेलियमचा प्रश्न सोडवला. ती समाकलने मी पुढे ढकलली. त्याऐवजी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी 1944 मध्ये हायड्राइडसाठी वापरलेली सोपी वाट धरली: दोन्ही इलेक्ट्रॉनांना एकच प्रभार न देता वेगवेगळे द्यायचे आणि त्यांची अदलाबदल करून दोन्ही पदांची बेरीज घ्यायची. आकडेमोड स्प्रेडशीटमध्ये केली. एका इलेक्ट्रॉनसाठी 1.04 आणि दुसऱ्यासाठी 0.28 ही मूल्ये आली, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जवळ आणि दुसरा बराच लांब. बंधनऊर्जा, म्हणजे जास्तीचा इलेक्ट्रॉन काढण्यास लागणारी ऊर्जा, 0.36 निघाली. ती खऱ्या आकड्याच्या जेमतेम निम्मी आहे, पण धन आहे. याच रीतीने हेलियमसाठी 23.8 मिळाले आणि तिथली तूट पाऊण इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आली.