थांबले असते का?

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या सैन्याने हिवाळा काढला ती फिलाडेल्फियाजवळची छावणी, व्हॅली फोर्ज, आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर. भारतातून कुणी आलं की मी त्यांना तिथे नेतेच, आणि सैनिकांच्या लाकडी खोपट्यांपाशी पोचलो की त्यांचा मला प्रश्न ठरलेला: "तुम्ही त्या सैनिकांच्या जागी असतात तर थांबला असतात, की घर गाठलं असतंत?" इथे शाळेत मुलांना यावर निबंधच लिहायला लावतात. माझ्या मुलीने लिहिला, तेव्हापासून हा प्रश्न मलाही सोडत नाही.

१९ डिसेंबर १७७७ ला वॉशिंग्टनचं जवळपास बारा हजारांचं सैन्य इथे उतरलं. फिलाडेल्फिया ब्रिटिशांच्या ताब्यात गेलं होतं. चारच दिवसांनी वॉशिंग्टनने काँग्रेसला, म्हणजे तिथल्या बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधी सभेला, कळवलं की २,८९८ माणसं पायात जोडे नाहीत, अंगावर कपडे नाहीत म्हणून कामाला उभी राहू शकत नाहीत. खायला काय, तर 'फायरकेक': पीठ आणि पाणी कालवून विस्तवाशी भाजलेला गोळा. मुलीच्या निबंधाच्या वेळी आम्ही तो अंगणात भाजून पाहिला. वरून कोळसा, आत कच्चा. बिनमिठाच्या करपलेल्या रोडग्याचा घास दोघींनाही गिळवेना.

लोक थंडीला दोष देतात. खरं तर त्या वर्षीची थंडी तिथल्या मानाने मध्यम होती. दोन वर्षांनी न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या छावणीत सैन्याने याहून भयंकर हिवाळा काढला. इथे सुमारे दोन हजार माणसं गेली ती विषमज्वर, हगवण असल्या रोगांनी, आणि त्यातली बरीचशी थंडी ओसरल्यावर. अन्न-कपडे देशात होते, पण छावणीपर्यंत पोचत नव्हते. रसद-वाहतूक बघणाऱ्या प्रमुखाने पद सोडलं होतं. मार्चमध्ये वॉशिंग्टनचा सेनानी नथॅनिएल ग्रीन याने ते काम हाती घेतलं तेव्हा कुठे गाडा हलला.

म्हणून पळून गेलेल्यांना भित्रे म्हटलेलं मला सहन होत नाही. अधिकाऱ्याला राजीनामा देऊन घरी जाता येत होतं, अनेकजण गेलेही. साध्या शिपायाने तेच केलं की पाठीवर चाबूक. पगार थकलेला, आणि मिळाला तरी त्या कागदी नोटांना किंमत नाही. सरकारने आपला शब्द पाळला नाही आणि पोराने मात्र मरेपर्यंत पाळायचा, हे कुठलं न्यायाचं?

तरीही विचारलंत म्हणून सांगते, मी थांबले असते.

ते खोपट आतून एकदा बघा. चौदा बाय सोळा फूट, बाराजणांसाठी. आमची बैठकीची खोली त्याहून मोठी आहे. त्या फळ्यांपाशी उभं राहिलं की देश, स्वातंत्र्य हे शब्द लांब राहतात. डोळ्यांसमोर उरतात ती बाकीची अकरा माणसं. पहाऱ्याला जाणाऱ्याच्या अंगावर बाकीच्यांनी आपापले कपडे चढवून द्यायचे, अशा आठवणी या छावणीच्या सांगितल्या जातात. कुणाचा कोट, कुणाचे जोडे. एकजण निघून गेला की काँग्रेसला काही कळत नसे. पण त्या खोपटात त्या रात्री पहाऱ्याची पाळी ज्याची, त्याला एक कोट कमी पडायचा. तो कोट अंगात घालून मला त्या दारातून बाहेर पडता आलं नसतं.