फणसाचं टेबल आणि दोन सुतांचा फुगवटा

रविवार, रात्री साडेदहा. पाऊस सकाळपासून धरून आहे.

आज नाश्त्याला बाबांची पोह्यांची बशी टेबलावर डुगडुगली. आधी वाटलं बशीचाच बूड वाकडा असेल. मग स्टीलची पट्टी आणून टेबलावर आडवी धरली, तर ती मधोमध टेकली आणि दोन्ही कडांना खालून उजेड दिसला. चांगला दीड-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मे महिन्यात हीच पट्टी इथून तिथवर सपाट बसत होती. पोटात खड्डा पडला.

हे टेबल मी बाबांसाठी केलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचं मांडी घालून पाटावर बसणं बंद झालं आणि प्लास्टिकच्या स्टुलावर ताट ठेवून ते जेवू लागले. मला ते बघवेना. देवरुखच्या आमच्या घरामागचा फणस वादळात पडला होता, त्याच्या फळ्या बाबांनीच वखारीतून कापून आणून माळ्यावर रचल्या होत्या. प्रत्येक थरामध्ये बारीक पट्ट्या घातलेल्या, वारा खेळता राहावा म्हणून. इंचभर जाडीला एक वर्ष असा सुकवायचा ढोबळ हिशेब असतो. आमच्या फळ्या इंचाच्या आणि त्यांना तीन वर्षं झालेली. म्हणजे लाकूड तयार होतं, हात तयार नव्हते.

एप्रिलभर पडवीत काम केलं. सगळ्यात जास्त वेळ गेला कुसूंवर, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणाऱ्या टोकांवर, आणि सगळ्यात जास्त समाधानही त्यांनीच दिलं. पाय अडीच इंचाचे चौरस, त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या चार इंच रुंद. पट्टीच्या टोकाला तीन सूत जाडीचा कुसू काढायचा आणि पायात तेवढंच भोक पाडायचं. पहिले दोन मी टाकाऊ तुकड्यांवर केले, दोन्ही ढिले झाले. कारण पेन्सिलीच्या रेघेलाच जाडी असते. मग सुरीच्या टोकाने रेघ ओढायला लागले. त्या चिरेत पटाशी, म्हणजे लाकूड तासायची छिन्नी, आपसूक टेकते, हलत नाही. तिसरा कुसू हाताने अर्धा आत गेला, उरलेला लाकडी हातोड्याच्या चार ठोक्यांनी. शेवटच्या ठोक्याला भोकातली हवा फुस्सकन बाहेर आली. तो आवाज मी विसरणार नाही. आठही सांधे अजून तसेच घट्ट आहेत. टेबलाला धरून बाबा उठतात, तरी कुठे कुरकुर नाही.

रंधा मारताना मात्र एक फळी खराब केली. लाकडाची रेष फिरते तिथे मी हट्टाने एकाच दिशेने रंधा ओढत राहिले आणि तळव्याएवढ्या जागेत तंतू उपटून निघाले. फळी उलटी फिरवून मारायला हवं होतं. ती बाजू आता खाली आहे.

टेपची चूक याहून वाईट, कारण ती अज्ञानातून झाली. मोजायच्या टेपचं टोकाचं आकडं (हूक) थोडं मागेपुढे हलतं. मला वाटलं सैल झालंय, म्हणून हातोडीने ठोकून घट्ट केलं. ते मुद्दाम हलतं ठेवलेलं असतं! आकड्याची जी जाडी, तेवढंच ते सरकतं, म्हणजे कडेला अडकवून बाहेरचं माप घेतलं काय किंवा भिंतीला टेकवून आतलं घेतलं काय, दोन्ही बरोबर येतात. माझ्या टेपने त्यानंतर आतलं प्रत्येक माप मिलिमीटरभर कमी दाखवलं. पायांच्या मधली, बाबांना पाऊल टेकायची आडवी पट्टी मी त्याच मापाने कापली. तिच्या टोकाशी पोस्टकार्ड सरकेल एवढी फट आहे. दुसऱ्या कुणाला दिसत नाही, मला जेवताना रोज दिसते.

उंचीचं मात्र बरोबर जमलं. जेवायच्या टेबलाची उंची साधारण तीस इंच धरतात. त्यातून वरच्या फळीची जाडी वजा करून मी पाय एकोणतीसचे कापले. आणि फणसाचा रंग! ताज्या कापावर हळदीसारखा पिवळा असतो. जवसाचं तेल दिल्यावर तो उजळला आणि आता दिवसागणिक तपकिरीकडे चाललाय. (तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी पाण्यात बुडवून ठेवल्या.)

मग हा फुगवटा कसला? दुपारी पाऊस जरा ओसरल्यावर वाडीतल्या सुतारकाकांना बोलावून आणलं. त्यांनी टेबलावर हात फिरवला, खाली वाकून बघितलं आणि एवढंच विचारलं, "बाय, फळीला सरकायला जागा ठेवलीस का?"

नाही ठेवली. आठ-आठ इंचाच्या तीन फळ्या डिंकाने कडेला कड जोडून मी दोन फुटांचा वरचा भाग केला आणि खालच्या चौकटीला दहा स्क्रूंनी आवळून टाकला. जितकं घट्ट तितकं पक्कं, हीच समजूत. पण लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं. लांबीला जवळजवळ काहीच फरक पडत नाही, सगळी वाढ आडवी. मे महिन्याच्या कोरड्या दिवसांत आवळलेली फळी आता दोन सूत वाढू पाहतेय आणि दोन्ही कडांना स्क्रू तिला सोडत नाहीत. मग ती जाणार कुठे, वर उचलली गेली. पावसाळ्यात आवळली असती तर उन्हाळ्यात उलट झालं असतं, आक्रसताना कदाचित चीरच गेली असती.

काका म्हणाले, चौकटीतली भोकं रुंदीच्या दिशेने लांबट करायची, स्क्रूखाली वॉशर घालायचा, आणि मधली दोन तेवढी घट्ट ठेवायची. मग फळी मध्यावर धरून दोन्ही बाजूंना मोकळी हलेल. काम तासाभराचं. एप्रिलमध्ये पाच मिनिटं थांबून कुणाला विचारलं असतं तर हा तासही लागला नसता, हे मला फार लागलंय.

बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, माळ्यावर असताना पण दर पावसात फुगायच्या त्या फळ्या. मला वाटलं तुला ठाऊक असेल." मी त्यांनाही विचारलं नव्हतं. तीन वर्षं त्या फळ्या त्यांनीच सांभाळल्या.

कडांचे आठ स्क्रू आत्ता जेवणं झाल्यावर सैल केलेत. दुसरा फिरवताना लाकडातून बारीकसा कट् आवाज आला. पट्टी टेबलावरच ठेवलीय. सकाळी फट किती उतरली ते बघून मग भोकं लांबट करायला कानस हातात घ्यायची.