दुसऱ्या राउंडला मी कुणाची कुस्ती खेळले?

मंगळवार, रात्रीचे अकरा

नाकाची सूज उतरली. डाव्या डोळ्याखालचं निळं आता पिवळट पडायला लागलंय. ऑफिसात दोघींनी विचारलं, त्यांना सरळ सांगून टाकलं, रविवारी माझी एमएमएची, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या खेळाची, लढत होती आणि मी हरले. सांगताना आवाज कापला नाही, पण घरी येऊन बॅग उघडली, ग्लोव्ह्जवर वाळलेलं रक्त दिसलं आणि मग बराच वेळ तिथंच बसून राहिले.

लिहून काढल्याशिवाय हे डोक्यातून जाणार नाही.

तीन मिनिटांचे तीन राउंड. पहिला राउंड माझा होता, त्यात शंका नाही. खडाखडीत तिनं जॅबचा ठोसा टाकला, मी त्याच्या खालून आत शिरले, एकेरी पट काढला, म्हणजे तिचा एक पाय धरून ओढला, तिला जाळीला नेऊन लावलं आणि खाली घेतलं. राउंड संपेपर्यंत उठू दिलं नाही. हा पट मी वयाच्या नवव्या वर्षापासून काढतेय. गावच्या तालमीत, तांबड्या मातीत, आबांनी तो माझ्याकडून इतका घोटून घेतलाय की झोपेतून उठवलं तरी उजवा गुडघा आपोआप पुढं पडतो.

दुसरा राउंड सुरू झाला आणि माझा उजवा हात तिच्या जबड्यावर बसला. सणसणीत बसला. ती एक पाऊल मागं सरकली आणि अख्खा हॉल उठून उभा राहिला. आधीच्या राउंडला मी तिला दोन मिनिटं दाबून धरलं होतं तेव्हा याच हॉलमध्ये लोक जांभया देत होते, "उभं करा त्यांना" असंही कुणीतरी ओरडलं होतं. आता सगळीकडून एकच, "मार! मार!" त्या आवाजानं माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे. मी मारत सुटले. तिचे हात माझ्यापेक्षा चांगले वीतभर लांब, ती लहानपणापासून बॉक्सिंग करणारी. तिला जे हवं होतं ते मी आपणहून तिच्या पुढ्यात नेऊन ठेवलं. तीन मिनिटांत नाक फुटलं आणि दमही गेला.

तिसऱ्या राउंडला पट आठवला, पण तोवर पायांत काही उरलं नव्हतं. लांबूनच, वर हात न दाखवता, सरळ वाकले. तिनं पाय मागं टाकले आणि छातीचा सगळा भार माझ्या मानेवर दिला. तीनदा मी तेच केलं, तीनदा तिनं तेच केलं. गुणांवर हरले.

आबा गावाहून आले होते. तिसऱ्या रांगेत बसले होते, मांडीवर पिशवी धरून. लढत संपल्यावर एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांना स्वारगेटला एसटीत बसवायला गेले तेव्हा चहा पिताना एवढंच म्हणाले, "दुसऱ्या राउंडला तू कुणाची कुस्ती खेळलीस गं?"

मला उत्तर देता आलं नाही. गाडी लागली, ते गेले.

बुधवार

आज जेवण झाल्यावर एमएमएतल्या रॉन्डा राउझी आणि हॉली होल्मची लढत पुन्हा पाहिली. मेलबर्न, नोव्हेंबर २०१५, ५६ हजारांवर प्रेक्षक. याआधी किती वेळा पाहिली असेल, पण आज पहिल्यांदा मी ती राउझीच्या बाजूनं पाहिली.

राउझी मुळातली जुदोची. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तिला कांस्यपदक मिळालं होतं. मेलबर्नला उतरली तेव्हा १२ लढती, १२ विजय, आणि त्यातले ९ आर्मबारनं, म्हणजे समोरचीचं कोपर उलटं ताणून. समोरचीला पकडायचं, जुदोचा डाव टाकून पाडायचं, हात ओढून काढायचा. सगळ्या जगाला ठाऊक होतं ती काय करणार, आणि तरी कुणाला थांबवता येत नव्हतं. असा डाव असला की पैलवान त्याला हुकमी म्हणतात. आमच्या तालमीत खाशाबा जाधवांचा फोटो आहे, १९५२च्या हेलसिंकीच्या कांस्यपदकाचा मान असलेला. त्यांचा ढाक या डावावर हातखंडा होता, हे आबा प्रत्येक नव्या पोराला त्या फोटोसमोर उभं करून सांगतात.

मग राउझीचं चुकलं कुठं? मला वाटतं मेलबर्नच्या साडेतीन महिने आधी, ऑगस्टमध्ये, रिओत. तिथं तिनं बेथ कोरेयाला ३४ सेकंदांत ठोशांनी झोपवलं. तो विजय गोड होता आणि तोच तिला महागात पडला, असं माझं मत आहे. कारण होल्म ही बॉक्सिंगमधली अनेकदा जगज्जेती ठरलेली बाई, डावखुरी, सरळ डावा हात घड्याळासारखा नेमका. राउझी तिच्यामागं धावत राहिली आणि होल्म गोल फिरत राहिली. राउझी पुढं आली की डावा हात, बाजूला, पुन्हा डावा हात. राउझीनं धरलंच नाही असं नाही. पहिल्या राउंडला एकदा पकड आली होती, हातही ओढायला गेली होती, होल्म त्यातून सुटली. पण पकडीपर्यंत पोचायची वाट राउझीनं तयारच केली नव्हती. ठोसे खातच ती आत जात होती. दुसऱ्या राउंडला झेप चुकली, तोल गेला, ती उठून वळली आणि होल्मची डावी लाथ मानेवर येऊन बसली.

होल्मची तारीफ करताना लोक त्या लाथेबद्दल बोलतात. मला तिच्या त्याआधीच्या मिनिटांचं जास्त वाटतं. राउझीचा तोल पहिल्या राउंडलाच जात होता, तोंडावर मार दिसत होता. माझ्यासारखीनं तेव्हाच झडप घातली असती. होल्म जागची हलली नाही. तिचं अंतर ठरलेलं होतं, ते तिनं सोडलं नाही. माझ्या एका ठोशावर हॉल उठला तर मी माझी कुस्ती विसरले, आणि तिच्या भोवती ५६ हजार माणसं ओरडत होती.

याच्या पुढची लढतही लगेच पाहिली, झोप येत नव्हती. मार्च २०१६, लास वेगास. आता होल्म विजेती आणि समोर मीशा टेट. टेट मुळातली कुस्तीची. पहिला, तिसरा, चौथा राउंड होल्मकडे गेला. दुसरा टेटनं जिंकला, कारण त्यात तिनं पाडलं आणि पाठ धरली. म्हणजे पाचव्या राउंडला ती मागं होती, गुणांवर जिंकणं जवळपास अशक्य. अशा वेळी माणूस अंगावर धावून जातो. टेट गेली नाही. वाट पाहिली. शेवटची दोनेक मिनिटं उरली तेव्हा एकदाच आत शिरली, खाली घेतलं, कब्जा घेतला, आणि हात गळ्याखाली गेला. होल्म तिला पाठीवर घेऊन उभी राहिली, पुढं पाडून सोडवायला पाहिलं, सुटलं नाही. तिनं टॅप केलं नाही, म्हणजे हात आपटून हार मानली नाही. शुद्ध जाताना ती समोरच्या हवेत ठोसे मारत होती. समोर कुणीच नव्हतं, टेट पाठीवर होती, पण त्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. हे दृश्य मी तीनदा मागं नेऊन पाहिलं. हरतानाही ती बाई स्वतःचीच लढत लढत होती.

गुरुवार

जिममध्ये मी कोचना म्हणाले, यापुढं फक्त पट, दुसरं काही नको. ते म्हणाले, रितू फोगाटची स्टॅम्पबरोबरची लढत पाहून ये आणि मग बोल.

पाहिली. डिसेंबर २०२१, सिंगापूर. रितू आपल्यातली, कुस्तीच्या घरातली. समोर स्टॅम्प फेअरटेक्स, थायलंडची, मुआय थाईत वाढलेली. रितूनं आपलीच ताकद वापरली, पाडलं, वर गेली. आणि दुसऱ्या राउंडला खाली पडलेल्या स्टॅम्पनं तिचा हात पायांत धरून आर्मबार लावला. ठोसे-लाथांची पोर, तिनं कुस्तीवालीला जमिनीवर हरवलं.

याचा विचार करत बसले तेव्हा जे लक्षात आलं ते कुस्ती केलेल्यालाच कळेल. आपल्याकडे पाठ लागली की निकाल लागला. चितपट म्हणजे शिट्टी, गुलाल, घरी. म्हणून समोरची पाठीवर गेली की आपलं अंग अर्ध्या श्वासासाठी सैल पडतं, काम झालं असं अंगालाच वाटतं. एमएमएत पाठीवरची बाई तिथून लढायला सुरुवात करते. आणि उलटही तेवढंच खरं. आपण खाली सापडलो की पालथं पडायला शिकलोय, पाठ लागू द्यायची नाही म्हणून. केजमध्ये पालथं पडलात की पाठ दिलीत, आणि पाठ दिली की गळा गेला. म्हणजे माझी ताकद पटात आहे, हे बरोबर. पण पट लागल्यानंतरचे दहा सेकंदही मला नव्यानं शिकायला हवेत, नाहीतर तोच पट मला खड्ड्यात नेईल.

कोचनी मग डेमियन मायाचं सांगितलं आणि रात्री तेच बघत बसले. ब्राझीलचा जिऊ-जित्सूचा, म्हणजे जमिनीवरच्या पकडींच्या खेळाचा, माणूस. यूएफसीत, एमएमएच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, आला तेव्हा पहिले पाचही विजय समोरच्याला पकडीत टॅप करायला लावून. मग २००९मध्ये नेट मार्कार्टनं २१ सेकंदांत झोपवला. त्यानंतर काही वर्षं माया ठोसे शिकण्याच्या मागं लागला. शिकला, पण लढती बघवत नाहीत. २०१२च्या जानेवारीत ख्रिस वाइडमनशी लढला तेव्हा दोघंही दमलेले आणि माया उभ्याउभ्या हात टाकतोय, जमिनीचा जादूगार असून. पुढं वजनी गट उतरला आणि जुन्या वाटेवर आला. लगेच सगळं सुरळीत झालं नाही, मध्ये दोन हारीही झाल्या. पण २०१४ ते २०१७ सलग सात विजय, आणि डाव कुठला? एकेरी पट! आमचाच. पाय धरायचा, सोडायचा नाही, उभ्यानं पाडता नाही आलं तर स्वतः खाली बसून पाय अडकवायचा आणि तिथून पाठीवर चढायचं. ऑगस्ट २०१६मध्ये कार्लोस काँडिटसारख्या धोकादायक माणसाला त्यानं दोन मिनिटांच्या आत गळा धरून टॅप करायला लावलं. आधी शिकलेलं बॉक्सिंग वाया गेलं नव्हतं, पायापर्यंत पोचायला तेच कामी येत होतं.

शेवटी टायरन वूडलीपुढं हे चाललं नाही. जुलै २०१७, विजेतेपदाची लढत, मायानं वीसहून जास्त वेळा पाय धरायला पाहिलं आणि वूडलीनं एकदाही पडू दिलं नाही. प्रेक्षक दोघांच्या नावानं हुर्यो करत होते. मला ती लढत कंटाळवाणी वाटली नाही. वूडलीला माहीत होतं की एकदा खाली गेलो तर संपलो, म्हणून पंचवीस मिनिटं त्यानं टाळ्यांची हाव धरली नाही. आणि माया हरला, पण आपल्या वाटेवर हरला. अशी हार सकाळी उठल्यावर माझ्या रविवारसारखी टोचत नसावी, असं मनापासून वाटतं.

शनिवार, रात्र

आज स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत. समोर अठ्ठावन्न किलोची पोरगी, हात चपळ. दुसऱ्या राउंडला माझा उजवा बसला, नेमका तसाच, रविवारसारखा. कडेला बसलेली पोरं ओरडली. खांद्यात ती खाज आली, अजून एक, फक्त अजून एक. उजवा पुन्हा उचललाही. तिनं डोळ्यांपुढं हात नेले, आणि मी खाली गेले.

कान तिच्या कमरेवर घासला, दोन्ही हात गुडघ्यामागं जुळले, कपाळ बरगडीत रुतवलं. ती पडली. ती पडल्यावर अंग सैल पडायला लागलं ते मला जाणवलं, आणि मी कोपर आत ओढलं. तिनं हात ओढायला पाहिला, मिळाला नाही.

घरी येऊन आबांना फोन केला. सगळं सांगितलं, कोपराचंसुद्धा. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "डावा पट काढतीस का?" म्हटलं, "नाही आबा, डाव्या बाजूनं पाय पुढं पडत नाही." "मग ती पोरगी चार दिवसांत उजवा ओळखंल की," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

सहाचा गजर लावलाय. पन्नास उजवे, शंभर डावे.