तुर्कस्तानची एफ-१६ आणि एक अडेलतट्टू फॉर्म

तुर्कस्तान अमेरिकेकडून नक्की किती एफ-१६ लढाऊ विमानं घेतोय आणि कितीला, एवढंच मला हवं होतं. शस्त्रखरेदीवर लेख लिहायला घेतला होता. बातम्यांमध्ये एकीकडे २३ अब्ज डॉलर, दुसरीकडे ७ अब्ज, आणि दोन्ही आकडे नावाजलेल्या वृत्तसंस्थांचे. तेव्हा ठरवलं की बातम्या बाजूला ठेवायच्या आणि मूळ नोंद गाठायची.

सुरुवात स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेपासून केली. शस्त्रांच्या देवाणघेवाणीच्या १९५० पासूनच्या नोंदी तिथे फुकट आहेत आणि त्या बघायला नावगाव द्यावं लागत नाही. फक्त तिथला ‘टीआयव्ही’ हा आकडा डॉलर समजून वापरू नका. ते शस्त्राच्या लष्करी क्षमतेवरून ठरवलेलं माप आहे. एखाद्या देशाने विमान फुकट दिलं तरी त्याचा टीआयव्ही धरला जातो. कोण किती शस्त्रं घेतंय, ती वाढताहेत की घटताहेत, हे त्यावरून उत्तम कळतं. पैसे किती मोजले, हे कळत नाही. मला तर नेमकं तेच हवं होतं.

म्हणून एका मोठ्या, पैसे आकारणाऱ्या माहिती-कंपनीकडे वळले. इथे जे घोडं अडलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

आधी चाचणी-खात्याचा फॉर्म. त्यात ‘तुमचं क्षेत्र’ असा रकाना होता आणि निवडीला सरकार, सैन्यदल, उद्योग, विद्यापीठ, प्रसारमाध्यमं एवढेच पर्याय. स्वतंत्रपणे लिहिणाऱ्या माणसाला जागाच नाही, आणि रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही. ‘प्रसारमाध्यमं’ निवडलं, तर संस्थेचा ईमेल मागितला. नेहमीचा ईमेल टाकला की लाल अक्षरं यायची आणि वर भरलेलं सगळं पुसलं जायचं. नाव, पत्ता, देश, कामाचं स्वरूप, सगळं पुन्हा. शेवटी ज्या मासिकासाठी लिहीत होते त्यांच्याकडून ईमेल मागून घेतला. मग उत्तर आलं की प्रतिनिधी संपर्क साधतील. ते साधेनात. मी पत्र पाठवलं, पुन्हा पाठवलं. अखेर प्रतिनिधींचा फोन आला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, तुमचं वार्षिक बजेट किती? वर्गणी किती, हे मात्र ते सांगेनात. किंमत ‘गरजेनुसार’ ठरते म्हणे. एका नोंदीसाठी माणसाने किती ताटकळायचं?

खातं उघडलं तेही बघण्यापुरतं. उतरवून घ्यायची सोय बंद. मी थेट तुर्कस्तानच्या नोंदीवर गेले. रकमेच्या रकान्यात २३ अब्ज आणि खाली बारीक अक्षरांत आधार म्हणून अमेरिकन सरकारची २६ जानेवारी २०२४ ची जाहीर सूचना. म्हणजे ज्या कुलपामागे मला इतकं थांबवलं, त्यामागे कुणालाही फुकट वाचता येणारा कागद होता!

ती सूचना पाच मिनिटांत सापडली. परदेशांना होणारी सरकारी शस्त्रविक्री हाताळणाऱ्या अमेरिकेच्या डिफेन्स सिक्युरिटी कोऑपरेशन एजन्सीने ती आपल्या संकेतस्थळावर लावलेली होती: ४० नवी विमानं, जुन्या ७९ विमानांच्या आधुनिकीकरणाची सामग्री आणि सोबतची शस्त्रास्त्रं मिळून अंदाजे २३ अब्ज डॉलर. अशा सूचनेचा शेवट जरूर वाचा, बातम्यांतून तो हमखास गळतो. दिलेली रक्कम ही जास्तीत जास्त अंदाज आहे, करार झालाच तर प्रत्यक्ष आकडा कमी असेल, असं तिथे सरळ लिहिलेलं असतं. कारण ही विक्री नव्हेच. शस्त्रनिर्यातीच्या १९७६ च्या कायद्यानुसार ठरावीक रकमेवरचा व्यवहार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, आधी कळवावा लागतो. बहुतेक देशांसाठी ही मुदत ३० दिवसांची, नाटोच्या सदस्यांसाठी १५ दिवसांची. या काळात काँग्रेसने अडवलं नाही, तर पुढे करार करायला वाट मोकळी, इतकाच त्याचा अर्थ. ‘विकली’ असा मथळा दिसला की आधी ही सूचना शोधा.

७ अब्जांचा उगमही मग लागला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तुर्कस्तानचे संरक्षणमंत्री यशार गुलेर यांनी सांगितलं की आधुनिकीकरणाची ७९ विमानांची सामग्री आम्ही सोडून दिली, ते काम आमचा देशी विमान उद्योग करेल. ४० विमानं आणि शस्त्रं घेऊ, खर्च सुमारे ७ अब्ज. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते. बातम्यांनी तारखा गाळल्या, म्हणून घोळ झाला.

आधी सांगायचं राहिलं: अमेरिकन काँग्रेसच्या संशोधन विभागाचे अहवाल २०१८ पासून सगळ्यांना अधिकृतपणे खुले आहेत. एखाद्या शस्त्रप्रणालीचा किंवा वादाचा मागचा-पुढचा संदर्भ इतक्या स्वच्छ भाषेत मला दुसरीकडे मिळालेला नाही. मी हे अहवाल सगळ्यात शेवटी उघडले, तुम्ही आधी उघडा. आणि युद्धाचे व्हिडिओ पुरावा म्हणून घेणार असाल, तर एखादी चौकट थांबवून उलट चित्रशोध कराच, म्हणजे ते चित्र टाकून ते आधी कुठे आलंय ते शोधा. ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या लढाईची म्हणून इतकी फिरली की २०२२ मध्ये खेळ बनवणाऱ्या कंपनीलाच खुलासा करावा लागला.

सरकारी पानं जागा बदलतात, कधी नाहीशीही होतात. मूळ कागद हाती लागला की लगेच त्याची प्रत उतरवून घ्या, संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनवरही जतन करा आणि वाचल्याची तारीख नोंदवा. माझ्या लेखात आता दोन्ही रकमा आहेत: २३ अब्ज ही जानेवारीत कळवलेली कमाल मर्यादा, ७ अब्ज हा नोव्हेंबरात मंत्र्यांनी सांगितलेला खर्च. त्या कंपनीचं खातं मी त्याच आठवड्यात बंद केलं.