तुम्ही विचारलंत म्हणून: नववी मात्रा आणि काळी चार

बीट्स, म्हणजे रॅपच्या खाली वाजणारं संगीत, बनवतो म्हटलं की लोक विचारतात, कसले? मी सांगतो, साउथचे. निम्म्यांना वाटतं, तेलुगू पिक्चरांचे. नाही हो. ह्यूस्टन, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स, अटलांटा, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडचं हिप-हॉप. उरलेली निम्मी बहुतेक कॉलेजातली पोरं असतात, ती थेट मुद्द्यावर येतात: "दादा, सॉफ्टवेअर कुठलं आणि ड्रम किट (ठोक्यांच्या तयार आवाजांचा संच) कुठून घेतलं?" दर वेळी हे जिन्यात उभ्याउभ्या सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहितोय.

सॉफ्टवेअर एफएल स्टुडिओ. बेल्जियमच्या कंपनीचं, पूर्वी त्याला फ्रूटी लूप्स म्हणायचे. अटलांटाचा आवाज घडवणाऱ्यांपैकी लेक्स लूगरसारख्या कितीतरी जणांनी यावरच काम केलंय. विषय संपला. किटचा प्रश्न मात्र चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का हे कळायला माझं एक वर्ष गेलं.

लहानपणी सात वर्षं तबला शिकलो होतो, त्यामुळे तालाची बाजू सोपी जाईल अशी घमेंड होती. ट्रॅप, म्हणजे अटलांटाच्या या हिप-हॉपचा, साधा सांगाडा असा: टेम्पो मिनिटाला १४० ठोके, एका फेरीत स्क्रीनवर सोळा चौकोन, क्लॅप म्हणजे टाळीचा आवाज नवव्या चौकोनावर. एवढी एकच क्लॅप असल्यामुळे मान मात्र ७० च्या संथ लयीतच डोलते. आता तीनताल आठवा. सोळा मात्रा, आणि नववीवर खाली. तिथे टाळी नाहीच! सात वर्षं ज्या जागी हात उलटा करायची सवय लागली, नेमकी तिथेच सगळ्यात जोरात टाळी. पहिले काही आठवडे मी क्लॅप पाचव्या आणि तेराव्यावर टाकत होतो आणि आपलं बीट लग्नाच्या वरातीसारखं का पळतंय, ते कळत नव्हतं.

हाय-हॅटवर, म्हणजे झांजेच्या बारीक ठोक्यांवर, तर मी सूडच उगवला. साउथच्या हॅट्समध्ये मध्येच तिस्र (एका मात्रेत तीन), मध्येच चौपट असे रोल येतात. मी दर दोन मात्रांना तिरकिट भरलं. एका मित्राने ऐकून विचारलं, "घरी शिलाई मशीन चालू आहे का?" पुसून पुसून शेवटी फेरीत दोनच रोल ठेवले. तेव्हा कुठे ते ऐकू यायला लागले.

आता किट. सगळ्यांना हवा असतो तो एट-ओ-एट. रोलंड या जपानी कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० साली आलं, १९८३ मध्ये बंद झालं, साधारण बारा हजार नग निघाले. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून पुढे सेकंडहँड स्वस्तात मिळायला लागलं, आणि खिशात फार पैसे नसलेल्या पोरांच्या हाती पडलं. त्याच्या बेस ड्रमला डिके नावाचं एक बटण होतं. ते पूर्ण फिरवलं की ठोका धप्प करून संपायच्या ऐवजी घुमत राहायचा. मायामीवाल्यांनी तो घुमारा गाड्यांच्या डिकीत नेला, पुढे अटलांटात तो बेस गिटारसारखा स्वरांत वाजायला लागला. मेम्फिसवाल्यांनी त्याच मशीनच्या काउबेलवर, म्हणजे घंटेसारख्या आवाजावर, चाली बसवल्या. रील्समध्ये गाड्यांच्या व्हिडिओखाली टणटणणारं फोंक नावाचं जे संगीत ऐकता, त्याचं मूळ मेम्फिसवाल्यांच्या कॅसेटींत आहे.

म्हणजे हा ठोका नाही, सूर आहे. हे मी वाचलं होतं. तरी फुकट उतरवलेल्या किटमधला एट-ओ-एट मी वर्षभर तपासलाच नाही. एफएल स्टुडिओ सहसा धरून चालतं की सॅम्पल, म्हणजे तो रेकॉर्ड केलेला आवाज, पेटीच्या पांढरी एक या पट्टीच्या सुरात आहे. माझं होतं काळी चारचं. मी पांढरी चार लावली की प्रत्यक्षात काळी एक वाजायची. चाल पांढरी चारच्या मायनरमध्ये (पाश्चात्त्य संगीतातलं एक स्वरसप्तक), आणि काळी एक त्यात बसते. त्यामुळे चुकून जमायचं, जरा गूढ वगैरे वाटायचं, आणि मी स्वतःवर खूश. काळी चार लावली की मात्र पांढरी तीन वाजायची आणि सगळं किडायचं. इअरफोन स्वस्तातले, त्यामुळे ते किडणंही कळत नव्हतं.

पकडलं ते रॅप करणाऱ्या मित्राने. हुक, म्हणजे गाण्याचं धृपद, गाताना तिसऱ्यांदा थांबला आणि म्हणाला, "माझा सूर लागत नाहीये की तुझा?" त्या रात्री सॅम्पल दोन सप्तकं वर उचललं, बाबांची भजनी मंडळाची पेटी काढली आणि भाता हलवत एकेक पट्टी दाबत गेलो. काळी चारवर दोन्ही आवाज एक झाले. किट कुठून घेतलं हा प्रश्नच नव्हता, ते कुठल्या सुरात आहे हा होता. क्लासला बसल्यावर आधी हातोडीने तबला मिळवल्याशिवाय गुरुजी "धा" वाजवू देत नसत. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

त्यानंतर गोष्टी पटापट सुटल्या. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणारा बेस म्हणजे डग्ग्यावर मनगट सरकवणंच. खालची पांढरी चार साधारण ४४ हर्ट्झची, फोनच्या स्पीकरला ती झेपतच नाही. म्हणून बेसला थोडं डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणं) द्यायचं, म्हणजे त्या सुराच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे सूर उमटतात आणि खालचा सूर कान स्वतःच भरून घेतो.

एक सवय ह्यूस्टनची. तिथल्या डीजे स्क्रूने नव्वदच्या दशकात गाणी संथ करून कॅसेटी काढल्या, २००० साली अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी तो गेला. मी प्रत्येक बीट १४० वरून ११० वर आणून ऐकतो. नको असलेलं सगळं उघडं पडतं.

आणि हो, बंदुकीचे आवाज टाकू नका. ट्रॅप म्हणजे अटलांटाच्या बोलीत ड्रग्ज विकायचं घर. ज्यांनी ते पाहिलं त्यांनी त्यावर लिहिलं. कल्याणच्या पोराने गोळ्या झाडल्या की हसू येतं.

बीट झालं की मी शेअर रिक्षा पकडतो. आमच्याकडच्या रिक्षांत मागच्या सीटच्या पाठीशी वूफर असतो, मायामीच्या डिकीला आपल्याकडे तेवढाच पर्याय. परवा ओळखीच्या रिक्षावाल्या दादांनी ब्लूटूथ जोडू दिलं. मागची नंबर प्लेट सुरात थरथरत होती, मी मनात टाळ्या वाजवत होतो. स्टँड यायच्या आधी ते आरशात बघून म्हणाले, "बेस एक नंबर आहे भाऊ. पण गाणं कधी चालू होणार?"